सौरऊर्जेला ना नाही, पण गायरान का?

रात्री दोनला उसाला पाणी पाजायला जाणाऱ्याला दिवसाच्या विजेचं महत्त्व पटवावं लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, भुदरगड, आजऱ्याकडे तर रानात गव्याची भीती. त्यामुळे सौर प्रकल्पातून शेतीपंपांना दिवसा वीज देणारी 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०' म्हटलं की शेतीपंपवाले लगेच हो म्हणतात. वाद पेटतो तो प्रकल्पाच्या जागेचा गट नंबर कळल्यावर.

५ अश्वशक्तीची मोटर म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट. एका वाहिनीवर (फीडरवर) अडीचशे मोटरी एकदम चालल्या तर मागणी १ मेगावॅटच्या जवळ जाते. तेवढ्या सौर प्रकल्पाला चार-पाच एकर जागा लागते आणि वर्षाला साधारण १४-१५ लाख युनिट मिळतात. आषाढात ढगांमुळे वीज घटते, पण तेव्हा मोटरी तरी कोण चालवतो? उसाची खरी तहान फेब्रुवारी ते मे, ऊनही तेव्हाच कडक. एवढं गणित कोल्हापूरला छान जुळतं.

जागेचं जुळत नाही. ती वीज उपकेंद्राजवळच हवी, कारण लाइन लांबली की खर्च आणि गळती वाढते, शिवाय खांबागणिक एकेका शेतकऱ्याची मनधरणी. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, दरवर्षी ३ टक्के वाढ. गायरान मात्र नाममात्र भाड्यात. मग बोट गायरानाकडंच वळणार! ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख मिळतात, तेही तीनच वर्षं. वीजखरेदीचा करार २५ वर्षांचा. आणि ज्याची शेरडं-म्हसरं तिथं चरतात त्या भूमिहीनाच्या नावावर शेतीपंपच नसतो. फायदा एकाला, तोटा दुसऱ्याला. अशा विरोधाला 'विकासविरोधी' म्हणणं आम्हाला पटत नाही.

आराखड्यात बदल करून बरंच साधतं. पॅनेलची खालची कड जमिनीपासून दीड मीटर ठेवली तर खाली मेंढ्या चरतात. शेळ्या नकोत, त्या केबल कुरतडतात. उंचीमुळे वारा जास्त लागतो, म्हणून लोखंड आणि पायाचा खर्च वाढतो. ठेकेदार हे आपणहून सुचवणार नाही. कुंपण पाणंदीवर येऊ नये. पॅनेलवरून पडणारं पावसाचं पाणी एका रेषेत माती कापतं, त्याला चर आणि ओढ्यापर्यंत वाट हवी, नाहीतर खालच्या शेताचा बांध पहिल्याच पावसाळ्यात फुटतो.

पॅनेल धुण्याचं पाणी कुठून आणणार, हेही विचारावं. १ मेगावॅटला साडेपाचशे वॅटची अठराशेच्या आसपास पॅनेल. प्रत्येकी दोन लिटर धरलं तरी एका धुण्याला साडेतीन हजार लिटर. बोअर कुठं पाडणार, हे ग्रामसभेच्या ठरावातच लिहून घ्यावं. कुंपण झाल्यावर गेलात तर गेटवरचा वॉचमन "साहेब नाहीत" एवढंच सांगतो.