मेम्ब्रेन गेलंय म्हणे!

गेल्या जूनमध्ये आमच्या आरओचा, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या मशीनचा, सर्व्हिसवाला आला. ग्लासात मीटर बुडवला, "बासष्ट" म्हणाला आणि लगेच निकाल दिला, "मेम्ब्रेन गेलंय, बदलावं लागेल." मेम्ब्रेन म्हणजे पाण्यातले क्षार अडवणारा आतला पातळ पडदा. मी म्हटलं, आधी नळाचं मोजू. नळाचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, निघाला ८८. मग मशीनचं झाकण काढायला लावलं. आत टीडीएस कंट्रोलर नावाचा एक छोटासा स्क्रू असतो. तो सैल केला की मेम्ब्रेनमधून न गेलेलं पाणी गाळलेल्या पाण्यात थोडं थोडं मिसळतं आणि आकडा वर जातो. आमचा स्क्रू चांगलाच सैल होता. घट्ट केला, टाकी रिकामी करून पुन्हा भरू दिली. मीटरवर ९. म्हणजे ८८ पैकी ७९ अडवले, साधारण ९० टक्के. मेम्ब्रेन ठणठणीत होतं.

हे गणित घरी कुणालाही जमतं. मीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो. फक्त तो काय मोजतो ते लक्षात असू द्या. पाण्यातून वीज किती सहज वाहते हे पाहून तो विरघळलेल्या क्षारांचा अंदाज बांधतो. जंतू त्याला दिसत नाहीत. ९ आकड्याचं पाणीही दूषित असू शकतं.

आता मुंबईची गोष्ट. विहार, तुळशीपासून भातसापर्यंतच्या सात जलाशयांत साठतं ते पावसाचं पाणी, त्यामुळे त्यात क्षार मुळातच कमी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे. आमचं मशीन एक लिटर गाळताना तीन लिटर मोरीत सोडतं. त्या तीन लिटरांचा हिशेब केला तर आकडा येतो ११४! म्हणजे क्षारांपुरतं बोलायचं तर टाकलेलं पाणीसुद्धा मानकात सहज बसतं. खरं सांगायचं तर बारा महिने पालिकेचंच पाणी येत असेल, तर जंतू मारणारा यूव्ही दिवा पुरेसा आहे. आमच्या सोसायटीत मे महिन्यात टँकर येतात आणि नळाचा आकडा सहाशेच्या पुढे जातो, म्हणून आरओ ठेवलाय.

ठेवलाच आहे तर तो सगळ्यात आधी जपायचा क्लोरीनपासून. १९६०च्या आसपास लोब आणि सौरिराजन यांनी कॅलिफोर्नियात पहिलं कामाचं मेम्ब्रेन बनवलं, ते सेल्युलोज ॲसिटेटचं होतं. त्याला थोडाफार क्लोरीन चालायचा. आज घरोघरी असतं ते पॉलिअमाइडचं. क्षार जास्त अडवतं, पण क्लोरीन त्याच्या रेणूंच्या साखळ्याच तोडतो. साचलेला क्षारांचा थर ॲसिडने धुऊन निघतो. क्लोरीनने केलेलं नुकसान मात्र कशानेच भरून येत नाही.

आणि पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतोच, असायलाच हवा. म्हणून मेम्ब्रेनच्या आधी कार्बन फिल्टर बसवलेला असतो. क्लोरीन त्याच्या पृष्ठभागावर निरुपद्रवी क्लोराइड होऊन जातो. पंचाईत अशी की पावसाळ्यात गाळ धरणारा प्री-फिल्टर तपकिरी होऊन बोंब मारतो, तसा कार्बन काहीच सांगत नाही. संपला तरी काळा तो काळाच.

त्याला बोलतं करायची एक युक्ती आहे. गावाकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक क्लोरोस्कोप घेऊन ओटी टेस्ट करतो, ती पाहिली असेल: नळीत पाणी, त्यात थेंबभर औषध, क्लोरीन असेल तर पिवळं. ही टेस्ट मोरीत जाणाऱ्या पाण्यावर करायची. कारण ते पाणी कार्बनमधून आलेलं असतं, पण मेम्ब्रेन ओलांडलेलं नसतं. पिवळं झालं तर कार्बन संपला. मात्र त्याआधी नळाचं पाणी पिवळं होतंय ना ते बघा. गच्चीवरच्या टाकीत दिवसभर राहून क्लोरीन उडून गेला असेल, तर टेस्टला काही अर्थ नाही. आणि तपासलेलं पाणी ओतून द्यायचं, प्यायचं नाही.

पण क्लोरीन काढला की राखणदारही गेला. मशीनच्या टाकीतलं पाणी स्वच्छ असतं, पण निराधार. बऱ्याच मशीनमध्ये यूव्हीचा दिवा टाकीच्या आधी असतो, त्यामुळे टाकीत जे वाढतं ते थेट ग्लासात. आमच्या टाकीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं तेव्हा बुळबुळीत लागलं. मेम्ब्रेनचा हिशेब मागणाऱ्या सर्व्हिसवाल्याने तीन वर्षांत टाकीचं झाकण एकदाही उघडलं नव्हतं! आता दर दोन महिन्यांनी मीच ती घासून धुतो.

गणपतीला गावी जाऊन आलं की दुहेरी काम. आठ-दहा दिवस पाणी टाकीत बसलेलं, आणि मशीन बंद असल्याने दाबही नाही. दाब नसला की अडवलेले क्षार मेम्ब्रेनमधून हळूहळू पलीकडे झिरपतात. गेल्या वर्षी कोकणातून आल्यावर पहिल्या ग्लासाचा आकडा ४१ होता. टाकी दोनदा भरून ओतली तेव्हा ११ वर आला. अशा वेळी कुणी मीटर बुडवला असता तर पुन्हा "मेम्ब्रेन गेलंय" झालंच असतं.

त्या स्क्रूची घट्ट केलेली जागा मी बायकोच्या लाल नेलपॉलिशने खूण करून ठेवली आहे.