आतड्यातला आंधळा पहारेकरी

‘तिखट सोड, चिंता करू नकोस, पोट आपोआप ताळ्यावर येईल.’ क्रोन्स, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं दाह होत राहणारा आजार. त्याच्या रुग्णाला हे ऐकवणारे पायलीला पन्नास भेटतात. ताणाने त्रास वाढू शकतो, पण हा आजार तिखटातून उगवत नाही. ‘आतडी धुऊन काढणारी’ डिटॉक्स पावडरही तो घालवत नाही, फक्त खिसा धुते.

१९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या या दाहाचं वर्णन छापलं. नाव चिकटलं ते क्रोनचं, कारण लेखावर आडनावं वर्णानुक्रमाने होती!

आता मूळ गंमत. शरीरात पेशी जितक्या, साधारण तितकेच जिवाणू आपण आतड्यात बाळगतो. त्यांच्या आणि आपल्या मध्ये असतो चिकट स्रावाचा लेप आणि पेशींचा एकच थर. तोही चार-पाच दिवसांत नवा होतो. या थरातल्या सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी पॅनेथ पेशी बसलेल्या असतात आणि जिवाणूनाशक प्रथिनं सोडतात. जिवाणूंच्या भिंतीचा एक बारीक तुकडा, म्युरामिल डायपेप्टाइड, पेशीत शिरला की नॉड-२ नावाचं प्रथिन तो ओळखतं आणि इशारा देतं.

२००१ मध्ये कळलं, की क्रोन्सच्या बऱ्याच रुग्णांत याच नॉड-२ च्या जनुकात बिघाड असतो. पण बिघाडाने हा पहारेकरी आंधळा होतो. मग दाह कमी व्हायला हवा ना? होतो उलट! पटणारं स्पष्टीकरण असं: वेळेवर इशारा नाही, म्हणून जिवाणू भिंतीला भिडतात, आत घुसतात; मग मागची फौज खडबडून उठते आणि टीएनएफसारखी दाहक रसायनं ओतत राहते. अर्थात हे एकच जनुक दोषी नाही. जनुकसंचातल्या दोनशेहून अधिक जागा संशयित आहेत, आणि बिघाड असूनही बहुतेक लोक ठणठणीत राहतात.

अल्सरेटिव्ह कोलायटिस या क्रोन्सच्या भावंड-आजारात दाह मोठ्या आतड्याच्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्समध्ये तो भिंतीच्या सगळ्या थरांत उतरतो. व्रण भरताना आतडं आखडतं, अन्न अडतं; कधी भिंत पोखरून शेजारच्या अवयवात भगंदरासारखी वाट फुटते. बी-१२ शोषणारा भागच खराब झाला की थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात. सांधे आणि डोळेही सुजतात.

टीएनएफला अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. अनेकांना ते उपयोगी पडतं, पण ते फौजेला आवरतं. पहारेकऱ्याला दृष्टी देणारं औषध अजून नाही.