व्हीपीएन निवडताना जाहिरात नको, कंपनीचा इतिहास बघा

कॉलेज रोडच्या कॅफेत किंवा नाशिक रोड स्टेशनवर फ्री वायफाय लावलं की कोणीतरी सल्ला देतंच, व्हीपीएन टाक, मग टेन्शन नाही. टेन्शन जात नाही हो, फक्त ते दुसरीकडे सरकतं. होतं काय, की मोबाइलमधून निघालेला सगळा डेटा एन्क्रिप्ट होऊन (म्हणजे कुलूपबंद, मधल्या कुणाला वाचता न येणारा) आधी व्हीपीएनच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून पुढे वेबसाइटकडे, त्यामुळे वायफायवाल्याला किंवा तुमच्या इंटरनेट कंपनीला एवढंच कळतं की हा व्हीपीएनला जोडलाय, पण तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे आता व्हीपीएन कंपनीला दिसतं. (बँकेचा पासवर्ड तसाही एचटीटीपीएसमुळे, म्हणजे वेबसाइटच्या स्वतःच्या एन्क्रिप्शनमुळे, झाकलेला असतो, जाहिरातीत हे कोणी सांगत नाही.)

म्हणजे बघायचं एवढंच की ही कंपनी कोण. 'आम्ही लॉग (म्हणजे कोण कधी कुठे गेलं त्याच्या नोंदी) ठेवत नाही' हे सगळेच लिहितात, लिहायला काय जातंय! यूएफओ व्हीपीएनपण हेच म्हणायची, २०२० मध्ये तिचे लॉग इंटरनेटवर उघडे सापडले, त्यात पासवर्डसुद्धा. त्याआधी २०१७ मध्ये प्युअरव्हीपीएनच्या नोंदी एफबीआयच्या तपासात कामाला आल्या होत्या. याउलट स्वीडनची मुलवाड ही व्हीपीएन कंपनी घ्या. एप्रिल २०२३ मध्ये पोलीस वॉरंट घेऊन त्यांच्या गोथेनबर्गच्या ऑफिसात आले, ग्राहकांचा डेटा पाहिजे म्हणून, आणि तसेच परत गेले, कारण तो साठवलेलाच नव्हता. खातं उघडायला ते ईमेलपण मागत नाहीत, नुसता एक नंबर देतात. मला विचाराल तर असा प्रसंग पन्नास जाहिरातींना भारी. बाहेरच्या कंपनीकडून केलेलं ऑडिट, म्हणजे तपासणी, असेल तर चांगलंच, पण ते त्या तारखेपुरतं असतं.

फुकटवाल्यांपासून जरा लांबच. होला नावाची फुकट व्हीपीएन लोकांचंच कनेक्शन दुसऱ्यांना विकत होती हे २०१५ मध्ये बाहेर आलं, आणि ओनावो ही दुसरी फुकट व्हीपीएन तर फेसबुकचीच, कोण कुठलं ॲप किती वापरतं ते तिच्यातून फेसबुकला कळायचं. प्रोटॉन व्हीपीएनचं फ्री खातं वेगळं, तिथला खर्च पैसे भरणाऱ्यांच्या जिवावर निघतो.

आपल्याकडे अजून एक भानगड आहे. सर्ट-इनने (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, आयपी (इंटरनेटवरचा त्याचा नंबर) ५ वर्षं जपून ठेवायचं. त्यावर एक्सप्रेस, नॉर्ड, सर्फशार्क या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून टाकले. तेव्हा ॲपमध्ये 'इंडिया' दिसलं तरी सर्व्हर खरंच भारतात आहे की सिंगापूरला, ते कंपनीच्या साइटवर शोधा, आणि 'टॉप १०' वाल्या रिव्ह्यूंवर तर जाऊच नका, कारण एक्सप्रेसची मालक केप कंपनी रिव्ह्यूच्या साइटपण विकत घेऊन बसलीय.