स्वारगेट ते कात्रज : खोदाईआधीचे काम

केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२४ रोजी पुण्याच्या स्वारगेट–कात्रज मेट्रोला मंजुरी दिली. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या चालू मार्गाचाच हा पुढचा विस्तार. लांबी ५.४६ किलोमीटर, सगळा मार्ग भुयारी, तीन स्थानके, खर्च २,९५४.५३ कोटी रुपये. भागाकार केला की किलोमीटरमागे साधारण ५४० कोटी पडतात. याच मार्गाचे दुसरे टोक, म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिका भवन ते निगडी हा ४.४१ किलोमीटरचा उन्नत पट्टा, ऑक्टोबर २०२३ मध्ये ९१० कोटींना मंजूर झाला होता. तिथे किलोमीटरमागे २०६ कोटी. मार्ग एक, डबे तेच, आणि दोन टोकांच्या दरात अडीच पटींहून जास्त फरक.

यावर पहिला प्रश्न येतो तो हाच: मग कात्रजलाही खांबांवरूनच का नाही नेली?

सातारा रस्त्यावर आधीच उड्डाणपूल आहेत. देशातला बीआरटीचा, म्हणजे बसला वेगळी मार्गिका देण्याचा, पहिला प्रयोगही २००६ साली याच कात्रज–स्वारगेट–हडपसर रस्त्यावर झाला. पण खरी अडचण उंचीची आहे. स्वारगेट स्थानक जमिनीच्या पोटात आहे. समजा तिथे रूळ वीस मीटर खोल आहेत आणि पुढे ते खांबांवर, रस्त्याच्या दहा मीटर वर न्यायचे आहेत. एकूण तीस मीटर चढायचे. मेट्रोला रस्त्यासारखा चढ झेपत नाही. शंभर मीटरला तीन मीटर हा प्रमाण मानला, तर एवढ्या चढणीला एक किलोमीटर लागतो. त्यातही जमिनीखाली आठ मीटरपासून वर सहा मीटरपर्यंतचा भाग सर्वांत त्रासाचा. तिथे वर छत घालण्याइतकी खोली नसते आणि खालून बस जाण्याइतकी उंचीही नसते. हा भाग साडेचारशे मीटरहून लांब भरतो. म्हणजे भर सातारा रस्त्यावर जवळपास अर्धा किलोमीटर दोन्ही बाजूंना तोडणारी एक भिंत उभी राहिली असती. स्वारगेटला भुयारात जायचे हे पहिल्या टप्प्यातच ठरले होते. त्या निर्णयाने पुढच्या टप्प्याची वाट बरीचशी आखून टाकली.

नियोजनात हे सतत घडते. एका कामाचा कागद दुसऱ्या कामाला बांधून टाकतो, आणि दोन कागद एकमेकांशी बोलले नाहीत की किंमत लोक मोजतात. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल पुणेकर विसरलेले नाहीत. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोला जागा हवी म्हणून २०२० साली ते पाडावे लागले. पूल बांधताना पुढे येणाऱ्या मेट्रोचा विचार झाला असता तर ते टिकले असते.

मंजुरीची चाळणी मात्र पूर्वीपेक्षा बारीक झाली आहे. २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणाने आधी शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा मागितला. मग बस, बीआरटी, हलकी रेल्वे अशा पर्यायांची तुलना मागितली. प्रकल्पाची परीक्षा नुसत्या तिकिटाच्या उत्पन्नावर करायची नाही असेही ठरले. प्रवाशांचा वाचलेला वेळ, वाचलेले इंधन, कमी झालेले अपघात आणि धूर, या सगळ्यांचे पैशांत मोल करून आर्थिक परतावा निदान १४ टक्के यावा, अशी अट आहे. मला ही अट योग्य वाटते. भारतातली फार थोडी मेट्रो निव्वळ तिकिटावर उभी राहिली असती, आणि रस्त्यावरचा माणूस जो वेळ गमावतो त्याचा हिशेब कुठेतरी मांडला गेलाच पाहिजे.

पण या हिशेबाचा पाया म्हणजे प्रवासीसंख्येचा अंदाज. कात्रजच्या पट्ट्यासाठी २०२७ साली रोज ९५ हजार, २०३७ साली १.५८ लाख आणि २०५७ साली १.९९ लाख प्रवासी धरले आहेत. मार्ग सुरू करण्याची मंजुरीतली मुदत फेब्रुवारी २०२९ आहे. अंदाजाचे पहिले वर्ष उद्घाटनाच्या आधीच येऊन जाते. प्रकल्पाचा अहवाल तयार झाल्यापासून मंजुरीपर्यंत किती पाणी वाहून जाते ते यावरून कळते.

अभियंत्याला दिवसाच्या एकूण आकड्यापेक्षा गर्दीच्या तासाचा आकडा महत्त्वाचा. दिवसाचा दहावा हिस्सा त्या एका तासात आणि त्यातले साठ टक्के एकाच दिशेने, असा ढोबळ हिशेब करू. ९५ हजारांतून ५,७०० उरतात. पुण्याच्या तीन डब्यांच्या गाडीत दाटीवाटीने साडेनऊशेच्या वर माणसे मावतात. म्हणजे तासाला सहा गाड्या, दर दहा मिनिटांनी एक. १.९९ लाखांना हाच हिशेब लावला तर पाच मिनिटांच्या आत एक गाडी लागते. शिवाय कात्रजला बसलेला माणूस स्वारगेटला उतरेलच असे नाही. तो मंडईला, शिवाजीनगरला, पिंपरीला जाईल. शेपटीकडे प्रवासी वाढले की ताण मधल्या, आधीच भरलेल्या पट्ट्यावर येतो. म्हणून विस्ताराच्या खर्चात नुसते बोगदे नसतात. जादा गाड्या आणि त्या रात्री उभ्या करायला डेपोत जादा जागा, हेही लागते.

आता स्थानकांकडे येऊ, कारण इथे कागदावरची एक रेघ सर्वांत महाग पडते. मूळ मंजुरीत मार्केट यार्ड, पद्मावती आणि कात्रज ही तीनच स्थानके होती. साडेपाच किलोमीटरला तीन. पद्मावती ते कात्रज हे अंतर दोन किलोमीटरच्या जवळ जात होते, आणि मध्ये बालाजीनगरसारखी दाट वस्ती. स्थानकाला चालत जायची माणसाची तयारी पाचशे-सातशे मीटरपर्यंत असते. पुढे तो दुचाकीला किक मारतो. मधल्या लोकांनी मागणी लावून धरली, आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बालाजीनगर आणि बिबवेवाडी ही दोन स्थानके वाढवली. त्यासाठी आणि कात्रज स्थानक थोडे दक्षिणेला सरकवण्यासाठी मिळून सुमारे ६८३ कोटींचा जादा खर्च मान्य झाला. भुयारी स्थानक म्हणजे रस्त्याखाली खोदलेला काही मजले खोल खड्डा. त्यात हवा खेळवण्याची यंत्रे, आगीपासून बचावाचे जिने आणि पाण्याचा उपसा आला, शिवाय खोदताना वरची वाहतूक चालू ठेवायची.

वेळही जातो. गाडीचा वेग कमी करणे, थांबणे आणि पुन्हा वेग घेणे यांत प्रत्येक स्थानकामागे साधारण एक मिनिट वाढते. दोन स्थानके, जाता-येता, मिळून चार मिनिटे. पाच मिनिटांनी एक गाडी सोडायची असेल तर एवढ्यासाठी जवळजवळ एक पूर्ण गाडी जास्त लागते. तरीही दोन्ही स्थानके हवीतच, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्या घराखालून बोगदा जातो त्यांनाच गाडी मिळू नये, हे कोणत्याही परताव्याच्या टक्केवारीत बसत नाही. वाईट एवढेच, की हे मंजुरीच्या आधी ठरले नाही. नकाशावर स्थानक हलवायला एक बैठक पुरते. निविदा निघाल्यावर तेच काम ‘जादा काम’ होते, आणि त्याचा दर ठरवताना ठेकेदाराला स्पर्धक उरलेला नसतो.

निविदेची गोष्ट सुरू होते ती जमिनीपासून. पुण्याखाली दख्खनचा काळा कातळ आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर. वरवर वाटते, कातळ म्हणजे पक्के काम. पण दोन लाव्ह्यांच्या मध्ये लालसर, मातकट थर सापडतात, आणि काही थरांत कातळ बुडबुड्यांनी पोखरलेला असतो. बोगदा खोदणाऱ्या टीबीएम यंत्राच्या कटरना घट्ट कातळ झिजवतो. लाल थर आला की चिकट गाळ होऊन यंत्राचे तोंड बुजते, वर भेगांतून पाणी येते.

हे आधी कळावे म्हणून मार्गावर ठरावीक अंतराने बोअर घेतात. मनगटाएवढे जाड भोक, आणि त्यातून निघालेल्या दगडी कांड्या पेटीत ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर खोलीचा आकडा रंगवलेला. भूवैज्ञानिक मोजपट्टी घेऊन बसतो. दीड मीटरच्या टप्प्यात दहा सेंटिमीटरहून लांब कांड्यांची बेरीज १.२ मीटर आली तर कातळाचा दर्जा ८० टक्के. तीच बेरीज ३० सेंटिमीटर आली तर २० टक्के. तिथे छताला आधार द्यावा लागणार. पण दोन बोअरच्या मधल्या जमिनीत काय आहे ते पेटी सांगत नाही.

त्या न पाहिलेल्या जमिनीचा धोका कोणाचा? कराराचा गाभा हाच. सगळा ठेकेदारावर टाकला तर सावध ठेकेदार भीतीपोटी दर फुगवतो. बेफिकीर ठेकेदार कमी दर भरून काम घेतो आणि लाल थर लागला की यंत्र थांबवून दावा लावतो. सर्वांत कमी दराला काम देण्याच्या आपल्या पद्धतीत दुसरा जिंकण्याचा संभव जास्त. यावर जगभर रुळलेला उपाय म्हणजे करारालाच जमिनीचा एक मूलाधार अहवाल जोडायचा. लाल थर अमुक मीटरपर्यंत लागेल, पाणी मिनिटाला अमुक लिटरपर्यंत येईल, असे त्यात लिहून टाकायचे. तिथपर्यंतचा खर्च ठेकेदाराचा, त्यापुढचा मालकाचा, म्हणजे काम देणाऱ्या मेट्रो कंपनीचा. अभियंत्यांच्या फिडिक या आंतरराष्ट्रीय संस्थेने बोगदा-तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर २०१९ मध्ये खास भुयारी कामांसाठी कराराचा नमुना काढला, तो याच तत्त्वावर. सगळा धोका ठेकेदाराच्या गळ्यात बांधणारा करार कडक दिसतो, पण सार्वजनिक पैशासाठी तो महाग पडतो, असे मला वाटते.

पुण्याच्या जमिनीत दगडापलीकडचेही बरेच काही आहे. पहिल्या टप्प्यात २०१९ मध्ये स्वारगेटला खोदताना जुने बांधीव भुयार लागले होते. कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारी नानासाहेब पेशव्यांच्या काळातली भुयारी योजना तर शाळकरी मुलांनाही माहीत असते. त्यात आजच्या जलवाहिन्या, सांडपाण्याच्या नळ्या आणि वीजतारा मिळवा. स्थानकाच्या जागेवरून या सगळ्या हलवून जागा अमुक तारखेला मोकळी देऊ, असे मालकाने करारात लिहिलेले असते. ती तारीख हुकली की उभ्या यंत्राचे भाडे आणि बसलेल्या माणसांचा पगार मालकाच्या खात्यावर चढतो. विलंबदंडाचे कलम ठेकेदाराला असते, तसे हे मालकाला असते, आणि आपल्याकडे बहुतेक वाद इथून सुरू होतात.

विस्तारात आणखी एक पेच असतो तो सिग्नलचा. गाडी पिंपरीहून कात्रजला एका दमात जायची तर रुळाशेजारची यंत्रणा आणि गाडीतला संगणक यांची भाषा एकच हवी. पुण्याच्या पहिल्या टप्प्याची सिग्नल यंत्रणा अल्स्टॉमची, डबे टिटागढचे. नव्या पट्ट्याला दुसऱ्या कंपनीची यंत्रणा घेतली तर सांध्यावर दोघांचे जुळवून देणारा तिसरा लागतो. जुन्यालाच काम दिले तर दराची घासाघीस संपते. शहाणपण यात असते की पहिल्याच कराराच्या वेळी, चार कंपन्या स्पर्धेत असताना, ‘पुढे इतके किलोमीटर वाढवले तर या दराने’ असे कलम घालून घ्यावे. लंडनच्या ज्युबिली मार्गाच्या विस्तारात सिग्नलचाच घोटाळा झाला होता. गाड्या कमी अंतराने सोडता येतील अशी नवी चलखंड यंत्रणा, म्हणजे रुळाच्या ठरावीक तुकड्यांऐवजी गाडीबरोबर सरकणारे सुरक्षित अंतर राखणारी, तिथे बसवायची ठरली होती. ती वेळेत जमेना, म्हणून जुन्या धर्तीच्या सिग्नलवर १९९९ साली टप्प्याटप्प्याने मार्ग उघडावा लागला. खर्च साडेतीन अब्ज पौंडांच्या घरात गेला, आणि नवी यंत्रणा प्रत्यक्षात यायला पुढे एक तप लागले.

पुण्यात पुढचा कागद आताच टेबलावर आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये खराडी–हडपसर–स्वारगेट–खडकवासला या मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली. म्हणजे स्वारगेटला आणखी एक मार्ग येऊन मिळणार. दोन स्थानके जमिनीखालून जोडायची तर भिंतीत पुढे फोडता येईल असा पडदा आजच ठेवता येतो. तेवढ्या जागेत सळयांची मांडणी वेगळी करायची, भोवती तुळयांची चौकट घालायची आणि मागच्या बाजूला नळ किंवा तार येऊ द्यायची नाही. रेखाचित्रात हे एका चौकोनाचे काम आहे. गाड्या धावत असताना पूर्ण भाराची भिंत कापायची तर रात्रीचे तीन-चार तास मिळतात, आणि काम महिनोन्‌महिने चालते.