कामावर मणक्याला दुखापत: भरपाई कशी ठरते, अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

गोणी उचलताना कंबरेत कळ आली, मणक्यातली गादी सरकली, डॉक्टरांनी सांगितलं की यापुढे वजन उचलायचं नाही. अशा कामगाराला घरचे आणि सोबतचे पहिली गोष्ट सांगतात ती ही, की मालकाची चूक सिद्ध करावी लागेल. ट्रॉली दिली नव्हती, चार माणसांचं वजन दोघांकडून उचलून घेतलं, हे सगळं खरं असलं तरी भरपाईच्या कायद्यात ते सिद्ध करण्याची गरज नाही. दुखापत कामामुळे आणि काम चालू असताना झाली, एवढं दाखवलं की मालकाची जबाबदारी सुरू होते.

मालकाचा निष्काळजीपणा दाखवून दिवाणी न्यायालयात वेगळी नुकसानभरपाई मागता येते. पण एकाच दुखापतीसाठी दोन्ही वाटा धरता येत नाहीत, एक निवडावी लागते. हातावर पोट असलेल्या माणसाने दिवाणी दाव्याआधी दहा वेळा विचार करावा असं माझं मत आहे, कारण तिथे चूक सिद्ध करण्याचा सगळा भार त्याच्यावर येतो.

आधी हे तपासा: ईएसआयसी कार्ड आहे का?

ईएसआयसी म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळ. त्याचं कार्ड असेल तर दावा मालकावर लागत नाही, लाभ ईएसआयसीकडून मिळतो. रजेच्या काळात सरासरी वेतनाच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते. दुखापत कायमची राहिली तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवतं आणि दरमहा रक्कम सुरू होते. अपघाताची खबर मालकाने ईएसआयसीला कळवली का, हे स्वतः जाऊन पाहा.

कार्ड नसेल तर आधी कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 लागू होत असे. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली आहे. त्याआधीचे अपघात जुन्या कायद्याखाली चालतात, आणि रक्कम काढण्याची मूळ पद्धत नव्या संहितेतही तीच ठेवली आहे. ठेकेदारामार्फत कामाला असलात तरी मूळ मालकाकडून भरपाई मागता येते.

रक्कम कशी निघते

हात तुटला, बोट गेलं तर टक्केवारी कायद्याच्या अनुसूचीतच लिहिलेली आहे. मणक्याच्या दुखापतीला अशी ठरलेली टक्केवारी नसते. कमाई करण्याची क्षमता किती टक्के गेली, हे डॉक्टर तपासून सांगतात, आणि सगळा वाद तिथेच होतो. दाखल्यावर अपंगत्व 20 टक्के लिहिलेलं असलं तरी कमाईचं नुकसान 20 टक्केच असेल असं नाही. कारकुनाची कंबर आणि हमालाची कंबर यांचं नुकसान सारखं धरता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1976 साली प्रताप नारायण सिंह देव खटल्यात डावा हात गमावलेल्या सुताराची कमाईची क्षमता 100 टक्के गेल्याचं मान्य केलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणून डॉक्टरांना तुमचं काम नेमकं सांगा: रोज किती वजन, किती वेळ वाकून, किती वेळ उभं राहून. दाखल्यात तसं लिहून घ्या.

समजा, वय 35, पगार 18,000. 3 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेप्रमाणे हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. याला वयाप्रमाणे कायद्यात ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात. पस्तिशीचा गुणक 197.06. गुणाकार 17,73,540 रुपये. क्षमता 40 टक्के गेली असेल तर भरपाई 7,09,416 रुपये. वय वाढतं तसा गुणक कमी होतो: चाळिशीला 184.17, पन्नाशीला 153.09.

तात्पुरतं घरी बसावं लागलं तर दर अर्ध्या महिन्याला मासिक पगाराच्या 25 टक्के मिळतात, जास्तीत जास्त पाच वर्षं. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो, त्यामुळे औषधाचं एकही बिल टाकू नका. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर त्यावर 12 टक्के व्याज लागतं, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही बसू शकतो.

कागदपत्रं

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे दवाखान्यातला पहिला केस पेपर. त्यावर ‘कामावर वजन उचलताना’ असं लिहिलेलं असायलाच हवं. मणक्याच्या एमआरआयमध्ये झीज बहुतेक वेळा दिसतेच, आणि मालकाच्या विमा कंपनीचा वकील तेवढंच धरून बसतो, की हे वयोमानाचं दुखणं आहे. पहिल्या दिवशीची नोंद त्याला उत्तर देते. घरी जाऊन आठवडाभर मालिश करून मग दवाखाना गाठला तर मधल्या दिवसांचा जाब द्यावा लागतो.

बाकी लागतं ते असं: एमआरआय आणि डिस्चार्ज कार्ड, कमाईची क्षमता किती गेली याचा डॉक्टरांचा दाखला, वयाचा पुरावा, पगार स्लिप किंवा बँकेच्या नोंदी, हजेरी कार्ड किंवा गेट पास, आणि सोबत काम करणाऱ्या दोघा-तिघांची नावं. पगार रोखीत मिळत असेल तर त्यांची साक्ष फार कामाला येते.

अर्ज

आधी मालकाला लेखी नोटीस द्या: अपघाताची तारीख, जागा, काय उचलत होतो. ती रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. तडजोड झाली नाही की भरपाई आयुक्तांकडे अर्ज करायचा; महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालयात चालत आलं आहे. नव्या संहितेत आयुक्ताच्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ आहे. मुदत अपघातापासून दोन वर्षं. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. अर्ज अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असं नाही. चाकणला काम करताना दुखापत झालेला कामगार लातूरला राहत असेल तर तो लातूरलाही अर्ज करू शकतो. खाटेवर पडलेल्या माणसासाठी ही सवलत फार मोठी आहे.

दरम्यान ठेकेदार थोडे पैसे हातावर ठेवून ‘आता काही मागणार नाही’ असं स्टॅम्प पेपरवर लिहून मागतो. सही करू नका. केली असेल तरी घाबरू नका: भरपाईचा हक्क सोडून देणारा करार जुन्या कायद्याच्या कलम 17 नुसार रद्दबातल ठरतो. घेतलेले पैसे मात्र अर्जात लपवू नका, मिळालेली रक्कम तारखेसह लिहा.