पोवाडा आणि समाजमूल्ये (सातारा-सांगली परिसर)

पोवाडा हा पराक्रमाचे कथन करणारा गेय काव्यप्रकार. समाज कोणाला शूर मानतो आणि कशासाठी, हे त्यातून कळते.

उपलब्ध पोवाड्यांत अफझलखान वधाचा (प्रतापगड, 10 नोव्हेंबर 1659) सर्वांत जुना मानतात. कर्त्याच्या नावाचे अगिनदास व अज्ञानदास असे दोन पाठ आहेत. संग्राहक अ‍ॅक्वर्थ व शाळिग्राम यांनी 1891 मध्ये असे पोवाडे छापले, तोवर ते मुख्यतः गोंधळ्यांच्या तोंडी होते. अखेरच्या चौकातील (कडव्यातील) नाममुद्रा, म्हणजे कवीने ओळीत गुंफलेले स्वतःचे नाव, हा कर्तृत्वाचा मुख्य आधार. पण मुखपरंपरेत चौक गळतात, नवे शिरतात, भाषा गाणाऱ्याच्या काळाची होते. त्यामुळे घटनेचे वर्ष तेच रचनेचे, असे धरता येत नाही. गाभा समकालीन व काही ओळी मागाहूनच्या, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

शाहीर तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्यात हा प्रश्न आणखी ठळक होतो. सोमवारी सकाळी प्रतापगडावर केस विंचरताना जिजाबाईंची नजर सिंहगडाकडे जाते. त्या राजांना राजगडाहून बोलावतात, सोंगट्यांचा डाव जिंकतात आणि गड मागतात. इतिहास म्हणून हा प्रसंग स्वीकारणे कठीण आहे. पण आईचा शब्द राजालाही मोडता येत नाही, मुलाचे लग्न बाजूला ठेवून तानाजी मोहिमेवर निघतो, हे श्रोत्यांना पटत होते. म्हणूनच तो टिकला. मूल्यांच्या अभ्यासकाने तो गाळू नये.

पुढे नायक बदलतो. जोतीराव फुले (मूळ घराणे कटगुण, जि. सातारा) यांच्या 1869 च्या पवाड्यात शिवाजीराजे ‘कुळवाडीभूषण’ (शेतकऱ्यांचे भूषण) होतात. 1943 नंतर प्रतिसरकारच्या (इंग्रजी सत्तेला समांतर लोकांच्या सरकारच्या) काळात शाहीर शंकरराव निकमांनी स्वातंत्र्याचा विचार गावोगाव गायला. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी दुसऱ्या महायुद्धातील स्टालिनग्राडची झुंज पोवाड्यात आणली. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव हे तालुके 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते, म्हणून त्यांच्या जुन्या नोंदी साताऱ्याखाली शोधाव्यात.

साथीला डफ, तुणतुणे, झांज. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी (मागचे साथीदार) ‘जी जी’ अशी झील धरतात. दमट हवेत डफाचे कातडे सैल पडून आवाज बसतो. डफ शेकून घ्यावा लागतो. नमनालाच पट्टी चढी लावली तर लढाईच्या चौकात गळा साथ देत नाही. झील घाईने उचलली तर ओळीचा शेवटचा शब्द बुडतो, आणि गडाचे किंवा वीराचे नाव पुष्कळदा तिथेच असते.