अठरा वर्षे पूर्ण झाली, आता राहायचे कुठे?

बालगृहात वाढलेल्या मुलाला १८ वर्षे पूर्ण झाली की संस्था सोडावी लागते. नातेवाईक असतील तर तो त्यांच्याकडे जातो. कोणीच नसेल तर शासकीय अनुरक्षणगृहात, म्हणजे संस्था सोडलेल्या तरुणांच्या निवासगृहात, जागा मिळण्यावर त्याची भिस्त असते. ज्यांची जन्मतारीख कोणालाच माहीत नाही, त्यांचे वय वैद्यकीय तपासणीतून अंदाजे ठरवले जाते. म्हणजे बाहेर पडण्याचा दिवसही अंदाजानेच ठरलेला असतो.

या व्यवस्थेची सुरुवात मुंबई इलाख्यात १९२४ च्या बाल कायद्याने झाली. १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि मुंबईतील डोंगरी, मानखुर्द ही नावे बालगृहांशी जोडली गेली. तेव्हापासून सगळा भर रस्त्यावरच्या मुलाला आत आणण्यावर राहिला. बाहेर पडणाऱ्याचे काय, हा विचार फार उशिरा आला. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात तर मुलगा १६ व्या वर्षापर्यंतच 'बालक' होता, मुलगी १८ पर्यंत. दोघांनाही १८ ची एकच मर्यादा लागू झाली ती २००० च्या कायद्याने.

सध्याच्या २०१५ च्या कायद्यातील कलम ४६ संस्था सोडणाऱ्या तरुणाला आर्थिक मदत देण्याची मुभा देते, सक्ती करत नाही. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. हा पाठिंबा २१ व्या वर्षापर्यंत मिळू शकतो, अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत. २००९ मध्ये आलेल्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेत त्यासाठी दरमहा २,००० रुपये होते; २०२२ च्या मिशन वात्सल्यमध्ये ते ४,००० झाले. जिल्हा पातळीवर हे काम जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे असते. पुण्या-मुंबईत ४,००० रुपयांत खाटेचे भाडे आणि खानावळ भागवून पाहा! शिवाय नऊ-दहाव्या वर्षी रेल्वे फलाटावर सापडलेले मूल शाळेत उशिरा जाते, त्यामुळे १८ पूर्ण होताना ते अनेकदा दहावी-अकरावीतच असते. नातेवाईकांकडे किंवा पर्यायी कुटुंबात मूल वाढावे म्हणून राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिचे अनुदानही १८ व्या वर्षी थांबते.

कागदपत्रांचा अडथळा किती मोठा असतो, हे अमृता करवंदे यांच्यामुळे महाराष्ट्राला कळले. गोव्यातील अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता पुण्यात येऊन शिकल्या आणि त्यांनी एमपीएससीची परीक्षा दिली. पण नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रासाठी आई-वडिलांचे उत्पन्न दाखवावे लागते, ते त्या कुठून आणणार? त्यांनी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची भेट घेऊन हे मांडले. २०१८ मध्ये अनाथांना शासकीय नोकऱ्यांत १ टक्का समांतर (जातीवर आधारित नसलेले) आरक्षण मिळाले. मोठे पाऊल होते, आणि ते एका मुलीच्या चिकाटीमुळे पडले. मात्र त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते, आणि ते संस्थेत असतानाच हातात पडले नाही तर बाहेर पडल्यावर मुलाला एकट्याने सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात.

कुठेच सोय न झालेल्या मुलापुढे बेघरांसाठीच्या निवाऱ्याची वाट उरते, पण ती वेगळ्या खात्यातून जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांनंतर शहरांत बारमाही निवारे उभे करण्याचा रेटा आला आणि २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून महापालिका, नगरपालिकांना त्यासाठी निधी मिळू लागला. निकष एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांच्या निवाऱ्याचा. बालगृहे महिला व बालविकास विभागाकडे, निवारे पालिकेकडे. कालपर्यंत शासनाच्या ताब्यात असलेला मुलगा निवाऱ्याच्या नोंदवहीत फक्त आणखी एक बेघर पुरुष म्हणून लिहिला जातो.

कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र शासनाने अठराच्या पुढे पाहिले. राज्याने त्यांच्या नावे पाच लाखांची मुदत ठेव ठेवली, ती २१ व्या वर्षी मिळणार. केंद्राच्या पीएम केअर्स योजनेत १८ ते २३ वयात दरमहा विद्यावेतन आणि २३ व्या वर्षी दहा लाख रुपये आहेत. बालगृहातून आधीपासून बाहेर पडत आलेल्या मुलांना असे काही लागू नाही.